क्राइम सिरीयलचा ट्विस्ट आधीच ओळखायचा कसा? आमच्या गच्चीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या बिल्डिंगमध्ये शनिवार-रविवारी रात्री जेवणं आटोपली की दहा-बारा जण एका घरी जमतो अन् क्राइमच्या सिरीयल बघतो. उन्हाळ्यात घरात कूलरच्या आवाजात डायलॉगच ऐकू येत नाहीत म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून टीव्ही गच्चीवर नेतो. एपिसोड संपला की खरा कार्यक्रम सुरू होतो, खुनी कोण, पुढं काय होणार, तो फोन कुणाचा होता, अन् ही चर्चा कधीकधी दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्याच्या ठेल्यावर तर्रीची दुसरी वाटी येईपर्यंत चालते. नवीन लोक येत राहतात अन् तेच प्रश्न विचारतात, म्हणून यावेळी बसून सगळं लिहून काढलं.

एक आधीच सांगते, उदाहरणं म्हणून खऱ्या सिरीयलची नावं घेतली आहेत पण कोणाचाही खुनी इथं उघड केलेला नाही. बिनधास्त वाचा.

ट्विस्ट म्हणजे नेमकं काय? धक्का बसला की झाला ट्विस्ट?

नाही. हिरो रस्ता ओलांडून राह्यला अन् अचानक ट्रकनं उडवला, याला आम्ही धक्का म्हणतो, हे कोणीही लिहू शकतो अन् कोणीही आधी ओळखू शकत नाही. ट्विस्ट तो, जो समजल्यावर तुम्ही मागचे एपिसोड परत लावता अन् तोच सीन, तेच वाक्य, तोच चहाचा कप आता वेगळाच दिसतो. म्हणजे माहिती आपल्याला दिलेली होती पण आपण ती दुसऱ्याच अर्थानं घेतली होती. आमची कसोटी एकच, परत बघितल्यावर मजा वाढली की कमी झाली. वाढली तर ट्विस्ट खरा. कमी झाली तर लेखकानं आपल्यापासून काहीतरी लपवलं होतं अन् ऐनवेळी खिशातून काढलं, अन् असा शेवट कितीही गाजला तरी मी त्याला चांगला म्हणणार नाही.

अंदाज अन् तुक्का यात फरक काय?

आमच्याकडे एक शंभर पानी वही आहे, ती माझ्याकडे असते. ज्याला अंदाज सांगायचा त्यानं तो वहीत लिहायचा, एपिसोडचा नंबर टाकायचा अन् नावासोबत निदान एक तरी गोष्ट लिहायची जी पडद्यावर सगळ्यांना दिसली आहे. "मला वाटते मेव्हणाच असंल" हा तुक्का. "मेव्हणा म्हणाला मी दोन वर्षात या घरी आलो नाही, पण त्यानं अंधारात लाइटचं बटण न शोधता लावलं, एपिसोड चार" हा अंदाज. दोन्ही बरोबर आले तरी मान दुसऱ्यालाच.

वही सुरू करायचं कारण साधं आहे. शेवट झाल्यावर प्रत्येक जण म्हणतो मी तर आधीच म्हटलं होतं, अन् खरं सांगायचं तर त्यांना ते मनापासून तसंच आठवतं, खोटं बोलत नसतात. एखाद्यानं आठ आठवड्यात आठ जणांवर संशय घेतलेला असतो, त्यातला बरोबर आलेला तेवढा लक्षात राहतो अन् बाकीचे सात विसरले जातात. वहीमुळे ते सातही समोर राहतात. अन् मला तर चुकलेले अंदाजच वाचायला जास्त आवडतात, कारण त्यात कळते की लेखकानं आपल्याला नेमकं कुठून वळवलं.

खुनी ओळखायला नक्की बघायचं कुठं?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे अन् याचं उत्तर माझ्या सासूबाईंच्या नावानं द्यावं लागते, कारण या कामात त्यांचा हात धरणारा आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नाही.

त्या डायलॉगकडे फार लक्षच देत नाहीत. १९९३ ला दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षी सुरू झाली तेव्हा त्या शेजारच्यांकडे दाटीवाटीनं बसून बघायच्या, पोट्ट्यांच्या गडबडीत आवाज नीट यायचा नाही, तेव्हापासून माणसांचे हात बघायची सवय लागली म्हणतात. कोण कुणाला न विचारता पाणी देते, किल्ली कुठं ठेवली आहे हे कुणाला शोधावं लागत नाही, कोण आल्यावर घरातला माणूस उठून उभा राहतो. मागं एका सिरीयलमध्ये आम्ही सगळे बिल्डर, भाऊ अन् बायको या तिघांवर भांडून राह्यलो होतो अन् त्या तिसऱ्याच एपिसोडला म्हणाल्या, "तो दूधवाला पाह्य बरं, महिना संपला, त्याले कोणी पैसे देऊन नाही राह्यलं अन् तोही मागून नाही राह्यला." आम्ही वहीत लिहिलं अन् विसरलो. सातव्या एपिसोडला समजलं की त्या घरातून त्याला दुसऱ्याच कामाचे पैसे मिळत होते. त्या रात्री गच्चीवर जो कल्ला झाला तो खालच्या गल्लीपर्यंत गेला असंल.

त्यांच्याकडून अन् वहीतून आम्ही जे शिकलो ते असं. फुकटचा सीन नसतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती काढल्या तर हातात बावीस-चोवीस मिनिटं उरतात, त्यात माळी कात्री शोधून राह्यला हे वीस सेकंद दाखवलं असंल तर कोणीतरी ते लिहिलं, शूट केलं अन् एडिटिंगमध्ये कापलं नाही, तर ते कायले ठेवलं हा प्रश्न विचारायचा. दुसरं म्हणजे ज्याला इन्स्पेक्टरनं "त्या रात्री तुम्ही कुठं होते" हे विचारलंच नाही त्याचं नाव बाजूला लिहून ठेवायचं, कारण लेखक त्याला खोटं बोलायला लावू इच्छित नाही, नंतर प्रेक्षक ते वाक्य काढून दाखवतील अशी त्याला भीती असते. अन् तिसरं, जी गोष्ट फक्त एकाच माणसाच्या तोंडून आपल्याला कळली आहे, ती घडली असं धरायचंच नाही. "ती मला म्हणाली होती की तिला धमक्या येतात" असं मेलेल्या बाईबद्दल कोणी सांगितलं अन् तिला धमकी येताना आपण पाहिलं नाही, तर ते वाक्य त्या माणसाच्या खात्यात टाकायचं, तिच्या नाही.

जास्त रडणारा, जास्त चिडणारा, अंधारात उभा राहणारा, यांच्याकडे आम्ही आता बघत पण नाही. ते आपलं लक्ष तिकडं जावं म्हणूनच उभे केलेले असतात.

ओळखीचा मोठा नट छोट्याशा रोलमध्ये दिसला, म्हणजे खुनी तोच ना?

बरेचदा तोच असतो, हो. पण वहीत हा अंदाज चालत नाही. तुम्ही गोष्ट ओळखली नाही, तुम्ही बजेट ओळखलं. तसंच अमुक नटीचा फोटो दुसऱ्या सेटवरून आला म्हणजे तिचं पात्र मरणार, हेही चालत नाही. अशा बाहेरच्या बातम्या शोधणाऱ्यांबद्दल माझा राग नाही, तो वेगळा छंद आहे, पण जो गोष्टीच्या आतून शोधून राह्यला त्याच्या मेहनतीवर त्यानं पाणी पडते, म्हणून ते गच्चीच्या दाराबाहेर.

सीआयडीसारख्या सिरीयलमध्ये ओळखायचं काय, त्यात तर एकाच भागात केस संपते?

नवीन माणसानं सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. सीआयडी १९९८ च्या जानेवारीत सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली, दीड हजारावर एपिसोड झाले, मग २०२४ च्या डिसेंबरमध्ये परत आली. एका केसमध्ये चार-पाच संशयित, प्रत्येकाला एक कारण, अन् तासाभरात निकाल, त्यामुळे आपला अंदाज चूक की बरोबर हे झोपायच्या आधी समजते. रोज एक गणित सोडवल्यासारखं आहे. आमच्याकडचे आठवी-नववीतले पोट्टे यावरच तयार झाले.

२००४ मध्ये त्यांनी एकशे अकरा मिनिटांचा एक भाग एकाही कटशिवाय, एकाच शॉटमध्ये केला होता. तो भाग अभ्यास म्हणून बघा असं मी सगळ्यांना सांगते. एरवी कट मारून आपल्यापासून काय काय लपवलं जाते हे कटच नसलेलं बघितल्यावर नीट लक्षात येते. कॅमेरा कुणाकडून कधी वळला अन् परत यायला किती वेळ लागला, तेवढ्यात तो माणूस काय करू शकला असता, एवढंच बघत बसा.

मरण पावला म्हणतात पण बॉडी दाखवली नाही, म्हणजे जिवंत?

आमच्याकडे नियम असा आहे की चेहरा दिसला पाहिजे, ओळख पटवणारा माणूस विश्वासाचा पाहिजे, अन् निदान एका दुसऱ्या पात्रानं बॉडीला हात लावलेला पाहिजे. तिन्ही नसंल तर वहीत "मृत" लिहायचं नाही, "बेपत्ता" लिहायचं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये सीआयडीत एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेले असं दाखवलं तेव्हा लोक खरोखर रडले, आमच्या बिल्डिंगमधले एक काका तर दोन दिवस धड जेवले नाहीत, वीस वर्षं त्या माणसाला बघितलं होतं त्यांनी. सासूबाईंनी वहीत "बेपत्ता" लिहायला लावलं. पुढं ते पात्र परत आलं. काकांनी त्या दिवशी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली.

यातलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण म्हणजे बीबीसीची शेरलॉक. २०१२ च्या जानेवारीत नायक हॉस्पिटलच्या छतावरून खाली पडतो, अन् तो वाचला कसा याचं उत्तर प्रेक्षकांना १ जानेवारी २०१४ ला मिळालं. जवळजवळ दोन वर्षं जगभरातले लोक त्या सीनचे तुकडे करकरून बघत होते, ट्रक कुठं उभा होता, सायकलवाला नेमका का धडकला, हातातला रबरी चेंडू कशासाठी. अन् गंमत बघा, परतीच्या एपिसोडमध्ये चाहत्यांचे असे अंदाज त्यांनी सीन करूनच दाखवले. प्रेक्षकांनी केलेला विचार लेखकापर्यंत पोचतो याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

आपल्या कायद्यातही एक गोष्ट आहे जी हिंदी-मराठी सिरीयलवाले वापरतात. एखादा माणूस सात वर्षं त्याच्या जवळच्या लोकांना दिसला नाही, त्याची काही खबर नाही, तर तो मेला असं कोर्ट धरू शकते. म्हणून "सात साल पहले" असं पाटीवर आलं अन् घरात इन्शुरन्स किंवा जमिनीचा विषय निघाला की आम्ही सावध होतो.

देवमाणूसमध्ये खुनी पहिल्यापासूनच माहीत असतो. तिथं ओळखायचं काय?

हा प्रश्न मला फार आवडतो. २०२० ला देवमाणूस आली तेव्हा आमच्यातले अर्धे म्हणाले यात मजा काय, गावातला डॉक्टर काय करून राह्यला ते आपल्याला दिसूनच राह्यलं. पण दोन आठवड्यात कळलं की इथं प्रश्न "कोण" हा नाहीच. इथं प्रश्न आहे, तो पकडला कशानं जाणार. तो इतका हुशार आहे, गाव त्याला देव मानते, मग त्याच्या हातून सुटलेली गोष्ट कोणती? अमेरिकेत कोलंबो नावाची सिरीयल याच पद्धतीची होती, १९७१ पासून, आधी खून दाखवायचे अन् मग तो साधासुधा दिसणारा डिटेक्टिव्ह खुन्याची एक चूक धरून बसायचा.

अशा सिरीयलमध्ये वहीचा नियम आम्ही बदलतो. खुन्याचं नाव लिहायचं नाही, चूक लिहायची. कुठली वस्तू मागं राहिली, कुणाला अर्धवट माहिती आहे, कोणती दोन माणसं अजून एकमेकांशी बोलली नाहीत पण बोलली तर खेळ संपंल. हे शेवटचं तर फारच कामाचं आहे. गावातल्या कोणत्या दोन बायका पाणवठ्यावर भेटायच्या राहिल्या आहेत हे शोधा, ट्विस्ट तिथंच बसलेला असतो.

रात्रीस खेळ चाले टाइप सिरीयलमध्ये भूतच निघालं तर अंदाज कसा मोजायचा?

२०१६ ला ती सुरू झाली तेव्हा पूर्ण महाराष्ट्रात हाच वाद होता, कोकणातल्या त्या वाड्यात माणूस करून राह्यला की भूत. आमचे दोन गट पडले होते अन् दोन्ही गट चांगलेच पेटले होते. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूनं, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये या प्रकारच्या गोष्टींसाठी दहा नियम लिहून ठेवले आहेत, त्यातला एक असा की भुताखेताचा उपाय चालणार नाही. मी तितकी कडक नाही. मी म्हणते भूत असू द्या, पण ते काय करू शकते अन् काय करू शकत नाही हे आधी सांगा. भूत भिंतीतून जाते तर मग सोमवारी दार वाजवून का आलं, या प्रश्नाचं उत्तर पाहिजे.

अन् जुळा भाऊ?

नॉक्सच्या यादीत तोही आहे, प्रेक्षकाला आधी तयार केलं नसंल तर जुळे आणायचे नाहीत. प्लास्टिक सर्जरीचंही आम्ही त्यातच धरतो. माझा यावर जास्त लिहायचा जीव होत नाही.

पोलिसांची अन् फॉरेन्सिकची खरी माहिती असली तर फायदा होतो का?

होतो, पण जपून. खाली तीन-चार गोष्टी सांगते ज्या आम्हाला कामी आल्या.

मृत्यूनंतर शरीर ताठ होते, साधारण दोन-चार तासात चेहऱ्याकडून सुरू होते अन् बारा तासांच्या आसपास पूर्ण शरीरभर येते, मग हळूहळू उतरते. गरमीत हे सगळं लवकर होते अन् लवकर जाते. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला अन् एसी फुल केलेल्या बंद खोलीत एकच घड्याळ चालत नाही. म्हणून सीनमध्ये कोणी विनाकारण एसीचा रिमोट हातात घेतला, किंवा पोलिस आल्यावर कोणी खिडकी उघडली, तर खुनाची वेळ पुढं-मागं सरकवायचा प्रयत्न असू शकतो. हे आमच्या पहिल्या मजल्यावरच्या सिस्टर काकूंनी शिकवलं, त्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आधीच्या कायद्यातही चालत नव्हती अन् आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. त्यामुळे सिरीयलमध्ये शेवटच्या एपिसोडच्या आधीच कोणी धाय मोकलून "हो मीच मारलं" म्हणाला अन् हातात वस्तू काहीच सापडली नाही, तर तो कुणाला तरी वाचवून राह्यला असं आम्ही धरतो. बहुतेक वेळा आई असते. लेकासाठी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम आता १०३ आहे, आधी ३०२ होतं. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असंल तर जुनंच कलम लागते. मागं एका एपिसोडमध्ये इन्स्पेक्टर आजच्या काळात ३०२ बोलला अन् आमच्यातला लॉ करणारा पोट्टा एकदम उठून उभा राहिला, म्हणे बॉडी आज सापडली पण खून जुना आहे. बरोबर निघालं. पण हेही सांगते, बरेच लेखक अजून सवयीनं ३०२ च लिहितात, त्यामुळे एवढ्यावर पूर्ण इमारत बांधू नका.

अन् डीएनएचा रिपोर्ट पाच मिनिटात येतो ते फक्त टीव्हीवर. आपल्या नागपुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, पण नमुना जमा होणं, सील, नंबर, तपासणी, या सगळ्याला खऱ्या जगात वेळ लागते. सिरीयलमध्ये रिपोर्टला मुद्दाम उशीर दाखवला तर मात्र बघा, तो उशीर कोणीतरी करवून राह्यला असंल.

प्रोमोवरून ओळखता येते का?

नाही. प्रोमोत एका सीनचा चेहरा अन् दुसऱ्या सीनचं वाक्य जोडलेलं असते. प्रोमो लागला की सासूबाई पाणी प्यायला उठतात.

लोकांनी ओळखलं म्हणून लेखक मधेच खुनी बदलतात का?

रोजच्या मालिकेत गोष्ट वळते हे तर दिसतेच. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, लोकांना कोण आवडून राह्यलं ते कळते, ज्याला मारायचं ठरलं होतं तो वाचतो अन् ज्याला वाचवायचं होतं तो जातो. अशा मालिकेत पन्नास एपिसोडपुढचा अंदाज लिहायचाच नाही, दोन आठवड्यांचा लिहायचा. बांधलेल्या, ठरलेल्या भागांच्या सिरीजमध्ये मात्र पूर्ण शेवटापर्यंतचा अंदाज लिहा, तिथं गोष्ट आधीच बंद झालेली असते.

दाबाखाली काय होते त्याचं जुनं उदाहरण ट्विन पीक्सचं आहे. १९९० ला अमेरिकेत एका मुलीच्या खुनावरून सुरू झाली, सगळा देश खुनी कोण विचारत होता, अन् ती बनवणाऱ्या डेव्हिड लिंचला ते उत्तर द्यायचंच नव्हतं. चॅनलनं रेटा लावला अन् त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुनी दाखवावा लागला. त्यानंतर प्रेक्षक गळत गेले. मला लिंचचं म्हणणं पटते, काही प्रश्न उघडे असतात तोवरच घर धरून ठेवतात, पण आमच्या गच्चीवर यावर मतदान घेतलं तर मी हरंल हे मला माहीत आहे.

उलट डॅलस या अमेरिकेतल्याच सिरीयलवाल्यांनी लोकांना आठ महिने थांबवलं. १९८० च्या मार्चमध्ये त्यातल्या जे. आर. या मुख्य पात्राला गोळी लागली अन् कोणी मारली ते २१ नोव्हेंबरला दाखवलं, अमेरिकेत आठ कोटींच्या वर लोक ते बघायला बसले होते. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांनी गोळी मारतानाचे सीन शूट करून ठेवले होते. ब्रॉडचर्च या इंग्लंडच्या सिरीयलमध्ये तर २०१३ ला बहुतेक नटांनाच शूटिंगच्या अगदी शेवटापर्यंत खुनी माहीत नव्हता. याचा एक मोठा फायदा असतो, नट अपराध्यासारखा चेहरा आधीपासून करत नाही, अन् आपला "याच्या डोळ्यातच दिसते" वाला अंदाज आपोआप पडतो.

आपण लावलेला अंदाज खऱ्या शेवटापेक्षा भारी निघाला तर?

होते असं. लाइन ऑफ ड्युटी या इंग्लंडच्या सिरीयलमध्ये पोलिसांतला भ्रष्ट "एच" कोण यावर इंग्लंडमध्ये कित्येक वर्षं चर्चा चालली, २ मे २०२१ ला शेवटचा भाग एक कोटी अठ्ठावीस लाख लोकांनी बघितला अन् त्यातले खूप जण नाराज झाले, कारण लोकांनी मनात बांधलेला माणूस जास्त मोठा होता. मी ते परत बघितलं तेव्हा मला तो शेवट पटला. भ्रष्टाचार करणारा नेहमी राक्षसासारखाच असतो असं थोडंच आहे. पण नाराज झालेल्यांनाही मी चूक म्हणणार नाही, वर्षानुवर्षं वाट बघितली होती त्यांनी. आमच्याकडे असा अंदाज वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवतो, लिहिणाऱ्याच्या नावासकट.

स्पॉयलरवर एवढं कडक का? कळलं तर काय बिघडते?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात ज्यांना शेवट आधी सांगितला त्यांनाही गोष्टी आवडल्या, उलट थोड्या जास्तच आवडल्या. हा अभ्यास मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी दाखवते. पण तो छोट्या गोष्टींवरचा आहे, एका बैठकीत वाचून संपणाऱ्या. तीन महिने दर शनिवारी जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाचं गणित त्यात नाही.

आमचं कडक होण्याचं कारण सिस्टर काकू आहेत. त्यांची नाईट ड्युटी असली की त्या दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर दुपारी चारला एपिसोड बघतात. एका सिरीयलमध्ये त्यांनी तीन आठवडे आधी वहीत खुनी लिहिला होता, पुराव्यासकट, औषधाच्या बाटलीवरचं लेबल कोणत्या हातानं फाडलं इथपर्यंत, अन् आम्ही सगळे त्यांच्या विरोधात होतो. शेवटचा भाग त्यांच्या ड्युटीच्या रात्रीच आला. संपल्या संपल्या एकानं उत्साहात बिल्डिंगच्या ग्रुपवर नाव टाकून दिलं. काकूंनी ते वॉर्डात, रात्री पावणेबाराला, दोन इंजेक्शनच्या मधल्या वेळात वाचलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तर फक्त म्हणाल्या, "बरोबर आलं वाटते माझं." अन् तो एपिसोड त्यांनी आठ दिवस लावलाच नाही. तीन आठवडे त्या ज्या एका क्षणाची वाट बघत होत्या तो एका मेसेजनं संपला होता, अन् तो परत कसा देणार? ज्यानं मेसेज टाकला त्याला पण खूप वाईट वाटलं, तो त्यांच्या घरी जाऊन बसला होता.

तेव्हापासून काकू चहाचा कप घेऊन खाली येईपर्यंत बिल्डिंगमध्ये त्या सिरीयलबद्दल चकार शब्द निघत नाही. लिफ्टमध्ये पण नाही. पोट्टे सुद्धा पाळतात.

खऱ्या केसवर असे अंदाज लावायला चालतात का?

नाही, अन् यात कुणाशी वाद घालायची माझी तयारी नाही. पेपरात नागपुरातल्या एखाद्या खुनाची बातमी आली की कोणीतरी म्हणतोच, नवराच असंल बघा. तो पडद्यावरचा नवरा नाही. त्याची मुलं उद्या शाळेत जाणार आहेत. २०१३ ला बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा इंटरनेटवर लोकांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याला आरोपी ठरवून टाकलं होतं, त्याच्या घरच्यांना काय काय ऐकावं लागलं, अन् त्या मुलाचा काही संबंधच नव्हता, तो आधीच मरण पावला होता. सिरीयलमध्ये लेखकानं क्लू मुद्दाम ठेवलेले असतात अन् फुकटचा सीन नसतो. खऱ्या आयुष्यात नव्वद टक्के सीन फुकटचेच असतात, माणूस घाबरतो, विसरतो, विनाकारण खिडकी उघडतो. क्राइम पेट्रोलसारखं खऱ्या घटनांवरचं काही लावलं तर आम्ही त्या दिवशी वही उघडतच नाही.

लहान मुलं बसू शकतात का?

सीआयडीला हो, बाकीला आईबापांना विचारून. देवमाणूसला नाही.

आम्हाला पण यायचं आहे, काय आणायचं?

शनिवारी साडेनऊला या, वर यायचा जिना उजवीकडून आहे. स्वतःची पाण्याची बाटली अन् पेन आणा, पेन दरवेळी कमी पडतात. सतरंजी आमची आहे. पहिल्या दिवशी नुसतं बसा, हात बघा, अन् काही वाटलं तर एपिसोड संपल्यावर वही मागा, मी नवीन पान काढून देते. मधेच बोलायचं नाही, सासूबाई रागावतात. सध्या नवीन सिरीयलचे पाच भाग झाले आहेत अन् वहीत अकरा पानं भरली आहेत. सिस्टर काकूंनी त्यांच्या पानावर दोन नावं लिहून त्यातलं एक परवा खोडलं, कोणतं खोडलं ते मी सांगणार नाही, या अन् बघा.